न्यू ऑर्लिन्स: पाहुणे परत आले, पण त्यांचा पैसा कुणाकडे गेला?

मॅग्नोलिया

कोकणातल्या होमस्टेंच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की अमेरिकेत प्रत्येक मोठ्या शहराचं स्वतःचं पर्यटन ब्यूरो असतं म्हणतात, ते नेमकं करतं काय? थोडक्यात सांगायचं तर शहरात पाहुणे आणि अधिवेशनं आणणं हे त्याचं काम. पण पूर्ण उत्तर तिथे मावणारं नव्हतं म्हणून हा वेगळा धागा. मी न्यू ऑर्लिन्सला राहते आणि एका हॉटेलच्या हिशेबखात्यात काम करते. दर महिन्याला रूम टॅक्सचं (पाहुण्याच्या खोलीवरच्या कराचं) विवरणपत्र माझ्याच टेबलावरून जातं, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

२९ ऑगस्ट २००५ला कॅटरिना चक्रीवादळ आलं. वाऱ्याने केलं त्याहून कितीतरी जास्त नुकसान फुटलेल्या बांधांनी आणि कालव्यांच्या पूरभिंतींनी केलं. शहराचा जवळपास ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पण फ्रेंचांनी १७१८ साली जिथे वस्ती केली, तो फ्रेंच क्वार्टर मिसिसिपीच्या काठच्या उंचवट्यावर आहे. नदीनेच शतकानुशतकं गाळ टाकून उभा केलेला काठ. तिथे पाणी फारसं चढलंच नाही. म्हणजे पर्यटक जे बघायला येतात ते बरंचसं शाबूत राहिलं, आणि त्यांना जेवण वाढणारे, त्यांच्यासाठी ट्रम्पेट वाजवणारे, त्यांच्या खोल्या आवरणारे लोक ज्या वस्त्यांत राहायचे त्यांतल्या बहुतेक बुडाल्या. पुढचं सगळं समजून घ्यायला हा नकाशा डोक्यात असू द्या.

२००४ला शहरात १ कोटी १ लाख पाहुणे आले होते. २००६ला आले ३७ लाख. वादळानंतरचे पहिले काही महिने हॉटेलं भरलेली दिसत होती, पण ती मदतपथकांनी, विम्याच्या सर्व्हेअरनी, कंत्राटदारांनी, पत्रकारांनी आणि घर गेलेल्या स्थानिकांनी. ती माणसं निघून गेल्यावर खरी परिस्थिती दिसली.

ब्यूरोने सगळ्यात आधी अधिवेशनांकडे लक्ष दिलं, आणि माझ्या मते तो निर्णय अचूक होता. सुट्टीला येणारं कुटुंब महिना-दोन महिने आधी ठरवतं. डॉक्टरांची किंवा इंजिनिअरांची मोठी संघटना पाच-सहा वर्षं आधी शहर पक्कं करते. अशी संघटना २००६मध्ये बिचकून दुसरीकडे गेली, तर फटका २०११-१२मध्ये बसतो, आणि तेव्हा धावपळ करून काही उपयोग नसतो. म्हणून ब्यूरोची माणसं एकेका संघटनेला भेटत राहिली. जून २००६मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन ठरल्याप्रमाणे इथेच झालं. कॅटरिनानंतरचं ते पहिलं मोठं अधिवेशन. सोळा-सतरा हजार लोक आले. ज्या मोरियल कन्व्हेन्शन सेंटरमध्ये दहा महिन्यांपूर्वी हजारो माणसं अन्नपाण्यावाचून अडकून पडली होती, त्याच इमारतीत. आलेल्यांपैकी शेकडो ग्रंथपालांनी दिवस मोडून वाचनालयं साफ केली, घरं दुरुस्त करायला हात लावला. नंतर येणाऱ्या संघटनाही असा एक श्रमदानाचा दिवस मागू लागल्या आणि ब्यूरोने त्याची व्यवस्था लावून दिली.

दुसरं काम लोकांच्या डोळ्यांसमोरचं चित्र बदलण्याचं. छपरांवर बसून हात हलवणारी माणसं जगभर टीव्हीवर दिसली होती. २५ सप्टेंबर २००६ला सुपरडोम स्टेडियम पुन्हा उघडलं आणि सेंट्स हा इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ तिथे खेळला, त्या एका संध्याकाळीने जे साधलं ते कुठल्या जाहिरातीने साधलं नसतं. २००७मध्ये ‘फॉरेव्हर न्यू ऑर्लिन्स’ ही मोहीम आली. मग वर्षातले रिकामे महिने भरणं आलं. इथला ऑगस्ट म्हणजे उकाडा, दमट हवा आणि वादळांची भीती. त्या महिन्यात जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगच्या टोपणनावाचा सॅचमो समरफेस्ट आहे, रेस्टॉरंटांच्या ठरावीक दरांच्या थाळ्या आहेत. जुलैच्या सुरुवातीला एसेन्स फेस्टिव्हल हा संगीत महोत्सव.

यानंतर आला आराखडा. २०१०च्या सुमारास पर्यटन व्यवसायाने ध्येय ठरवलं: शहराला ३०० वर्षं होतील तेव्हा, २०१८ला, वर्षाला १ कोटी ३७ लाख पाहुणे. २००४चा आकडा ओलांडायला २०१६ उजाडलं (१ कोटी ४ लाख). म्हणजे बारा वर्षं.

माझा आक्षेप इथून सुरू होतो. आराखड्याचं ध्येय दोन आकड्यांवर उभं होतं, किती पाहुणे आणि त्यांनी किती खर्च केला. २००० साली शहराची लोकसंख्या ४ लाख ८४ हजार होती, २०१०च्या जनगणनेत ३ लाख ४३ हजार. सुमारे ४,५०० सरकारी भाड्याची घरं पाडायचा ठराव नगर परिषदेने डिसेंबर २००७मध्ये केला. त्यांतली एक वस्ती क्वार्टरपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. पाहुणे परत येण्याचा हिशेब झाला, त्यांची सेवा करणारे परत कुठे राहणार याचा झाला नाही. आणि पाहुण्याने खोलीवर भरलेला कर शहराच्या तिजोरीत किती येतो, हा प्रश्न कितीतरी वर्षं मोठ्याने फारसा कुणी विचारलाच नाही. त्यावर प्रतिसादांत सविस्तर लिहीन.

---

मुळाकाठ

माहितीपूर्ण धागा. वाचतोय.

एक शंका. तुम्ही म्हणता २०१६ला १ कोटी ४ लाख. मी सहज शोधलं तर २०१७चा आकडा १ कोटी ७७ लाख दिसतो. एका वर्षात ७० टक्के वाढ? हे पटत नाही.

---

मॅग्नोलिया

मुळाकाठ, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. वाढ झालेली नाही, मोजणी बदलली. आधी इथल्या विद्यापीठाचं संशोधन केंद्र अंदाज काढायचं, मग देशपातळीवर सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीचे आकडे घेतले. पाहुणा कुणाला म्हणायचं, दिवसभरासाठी आलेल्याला धरायचं का, शेजारच्या परगण्यातून आलेल्याला धरायचं का, यावर आकडा प्रचंड हलतो. २०१९चा १ कोटी ९७ लाख हा आकडा याच नव्या पद्धतीचा आहे. तो २००४च्या शेजारी ठेवून ‘दुप्पट झालो’ असं म्हणता येत नाही, पण लेखांतून, भाषणांतून तसं सर्रास म्हटलं जातं.

म्हणून मी रूम टॅक्सची वसुली बघते. तिथे प्रत्येक रात्र बिलावर असते.

---

ह्यूस्टनकर

मॅग्नोलिया, लेख आवडला पण मतभेद नोंदवतो.

कॅटरिनाच्या वेळी मी इथेच होतो. ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये तुमच्या शहरातून बसगाड्या भरभरून माणसं आली. आमच्या मंडळातले लोक तिथे स्वयंसेवक म्हणून जायचे. २००६चा एसेन्स फेस्टिव्हलसुद्धा ह्यूस्टनला झाला, २००७ला परत तुमच्याकडे गेला. त्या काळात मी ज्या ज्या माणसाशी बोललो त्याला दोन गोष्टी हव्या होत्या, घर आणि काम. घर ब्यूरो देऊ शकत नाही, ते त्याचं कामच नाही. काम देऊ शकतं. अधिवेशन परत आलं की वाढप्याला पाळी मिळते, टॅक्सीवाल्याला भाडं मिळतं, वादकाला गिऱ्हाईक मिळतं. बंदर आणि तेल सोडलं तर तुमच्या शहराकडे दुसरं काय होतं? डोकी मोजली म्हणून ब्यूरोला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. जे काम दिलं ते त्यांनी उत्तम केलं. घरांचा दोष महापालिकेचा, राज्याचा, वॉशिंग्टनचा.

---

मॅग्नोलिया

ह्यूस्टनकर, तुम्ही लोकांनी तेव्हा जे केलं ते इथे कुणी विसरलेलं नाही.

ब्यूरोच्या माणसांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, वर तसं लिहिलंही आहे. पण ‘ते त्याचं कामच नाही’ हे मला मान्य नाही, आणि कारण पैशाचं आहे. ब्यूरो ही सभासद-व्यावसायिकांची खासगी संस्था आहे. २०१८पासून तिचं नाव न्यू ऑर्लिन्स अँड कंपनी. पण तिचा मोठा निधी खोलीवरच्या सार्वजनिक करातून येतो. सार्वजनिक पैसा घेऊन शहराचा आराखडा करायचा तर ज्यांच्या जिवावर शहर चालतं ते त्यात हवेत.

---

शब्दवेल

दुसऱ्या बाजूचं लिहिते. उत्तर अमेरिकेतल्या आपल्या एका मराठी अधिवेशनाच्या समितीवर मी होते, तेव्हा शहर निवडताना ब्यूरोंशी बोलणी केली होती.

आपण एक मागणीपत्र पाठवतो: इतकी माणसं, इतक्या रात्री, इतके मोठे सभागृह, जेवणाची अशी सोय. ब्यूरो ते सगळ्या हॉटेलांना फिरवतं आणि दर गोळा करून देतं. शहर दाखवायला नेतं. फी मागत नाही, कारण आपण भरलेल्या खोल्यांवरच्या करातून त्याचं भागतं. खरी मेख खोल्यांच्या करारात असते. तुम्ही अमुक इतक्या खोल्या राखून घेतल्या आणि त्यातल्या ठरलेल्या टक्क्याहून कमी भरल्या, तर रिकाम्या खोल्यांचे पैसे संस्थेने द्यायचे. आपली मंडळी नातेवाइकांकडे उतरतात, नाहीतर बाहेर स्वस्तातली खोली शोधतात, आणि इकडे समितीची झोप उडते. (पुढच्या समितीतल्यांनी हे वाचावं!)

तेव्हा मला कळलं की ब्यूरोला आपल्या नाटकांत किंवा जेवणात काडीचा रस नसतो असं नाही, पण त्यांच्या वहीत आपण म्हणजे इतक्या खोल्या गुणिले इतक्या रात्री. मॅग्नोलिया म्हणतात ते आकड्यांचं राज्य मी बाहेरून पाहिलेलं आहे.

---

अंबोली_घाट

धागा वाचून जुनं आठवलं. २००६मध्ये बुडालेल्या लोअर नाइन्थ वॉर्डात पर्यटकांच्या बसगाड्या फिरू लागल्या होत्या. पडकी घरं काचेतून बघायची, फोटो काढायचे, निघायचं. रहिवाशांनी घरांसमोर निषेधाचे फलक लावले आणि शेवटी नगर परिषदेला बसगाड्यांवर बंदी आणावी लागली. शहर सावरत असताना त्याचं दुःख विकायला काढायचं का, हा प्रश्न कुठल्या आराखड्यात असतो का? मॅग्नोलियाताई, सेकंड लाइनवर पण लिहा ना.

---

मॅग्नोलिया

लिहिते. सेकंड लाइन म्हणजे वस्तीतली रविवारची मिरवणूक. पुढे ब्रास बँड आणि मिरवणूक काढणारा क्लब, मागे नाचत येणारे सगळे. हे क्लब कृष्णवर्णीय वस्त्यांनी एकोणिसाव्या शतकात उभे केले. आजारपणाला, अंत्यविधीला पैसे मिळावेत म्हणून वर्गणी गोळा करायची, आणि वर्षातून एकदा वाजतगाजत रस्त्यावर यायचं. ब्यूरोच्या प्रत्येक जाहिरातीत ती छत्री, ते पिसांचे पंखे, ती ट्रम्पेट दिसते. आणि २००६मध्ये एका मिरवणुकीनंतर गोळीबार झाला, तेव्हा पोलिसांनी बंदोबस्ताची फी इतकी वाढवली की घरदार गेलेल्या लोकांच्या या क्लबांना ती झेपेना. ते कोर्टात गेले, २००७मध्ये तडजोड होऊन फी खाली आली. ज्या गोष्टीच्या जोरावर शहर पाहुणे बोलावत होतं तीच करणाऱ्यांना आधी वकील गाठावा लागला. मला याचा आजही संताप येतो.

आता कराचं, कबूल केल्याप्रमाणे.

न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलातली खोली घेतली की बिलावर कराचे अनेक तुकडे लागतात. हे तुकडे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कामांसाठी राज्याच्या विधिमंडळाने लावले. काही सुपरडोम चालवणाऱ्या मंडळाला, काही कन्व्हेन्शन सेंटरला, काही पर्यटनाच्या जाहिरातीला. शहराच्या सर्वसाधारण खर्चाला येणारा तुकडा फार लहान.

५ ऑगस्ट २०१७. वादळ नाही, काही नाही, साधा उन्हाळी पाऊस. रस्ते कमरेएवढे भरले. इथलं पावसाचं पाणी आपोआप वाहून जात नाही, ते पंपांनी उपसून तलावात सोडावं लागतं. काही पंप शंभर वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांना जुन्या, वेगळ्या फ्रिक्वेन्सीची वीज लागते. ती वीज तयार करणारी काही टर्बाइनं बंद पडलेली होती आणि कित्येक पंपही नादुरुस्त होते. त्याच सुमारास कन्व्हेन्शन सेंटरच्या गंगाजळीत २० कोटी डॉलरच्या वर रक्कम साठलेली होती. पाहुणा टॉयलेटची साखळी ओढतो ते पाणीही हेच पंप चालवणाऱ्या जल आणि मलनिस्सारण मंडळाच्या नळात जातं, आणि त्या मंडळाकडे मात्र पैसा नाही.

२०१८मध्ये महापौर झालेल्या लाटोया कँट्रेल यांनी हा मुद्दा ‘फेअर शेअर’ (न्याय्य वाटा) म्हणून लावून धरला. पर्यटन संस्थांचा सुरुवातीला विरोध होता. त्यांचं म्हणणं, जाहिरातीचा पैसा कापाल तर पाहुणे घटतील आणि सगळ्यांचाच तोटा होईल. २०१९च्या मे महिन्यात राज्यपाल, महापौर आणि पर्यटन क्षेत्रात करार झाला: पायाभूत कामांना ५ कोटी डॉलर एकरकमी आणि पुढे दरवर्षी सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर. जाहिरातीसाठी १९९०पासून असलेलं सरकारी महामंडळही बदललं. जाहिरातीचं काम न्यू ऑर्लिन्स अँड कंपनीकडे एकवटलं आणि महामंडळाचं रूपांतर पर्यटन आणि संस्कृती निधीत झालं. तो निधी आता वादकांना, क्लबांना, कलावंतांना अनुदान देतो.

कॅटरिनानंतर चौदा वर्षांनी झालेली ही गोष्ट २००६मध्येच व्हायला हवी होती, एवढंच मला म्हणायचं आहे. सावरण्याच्या काळात सगळे एका टेबलाशी बसलेले असतात. तेव्हा वाटणी ठरली नाही तर नंतर एकेक तुकडा ओढून घ्यायला महापौराला राज्याच्या राजधानीत जावं लागतं.

---

ह्यूस्टनकर

हे पंपांचं प्रकरण इतक्या तपशिलात माहीत नव्हतं. ५ कोटी आणि २ कोटी ७० लाख हे योग्यच झालं.

तरी प्रश्न राहतोच. २००६मध्ये करवसुलीच तळाला गेलेली, वाटणार काय होते? आधी कमाई, मग वाटणी, हा क्रम मला चुकीचा वाटत नाही.

---

मॅग्नोलिया

कमाई नव्हती हे खरं. पण वाटणीचा नियम कमाई नसतानाच ठरवायचा असतो, कारण तेव्हा कुणाच्या ताटातलं काढून घ्यावं लागत नाही. कन्व्हेन्शन सेंटरकडे साठा झाल्यावर तो मागणं किती कठीण गेलं ते २०१९ला बघितलं.

---

दत्ता_तारकर्ली

मूळ प्रश्न माझाच होता त्या होमस्टेच्या धाग्यावर. धन्यवाद, इतकं सविस्तर कुणी लिहीत नाही.

आमचा सिंधुदुर्ग १९९७ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आमच्याकडे खोलीवर जीएसटी, ज्यांना लागू आहे त्यांना, आणि तो केंद्र-राज्यात वाटला जातो. ग्रामपंचायतीच्या हातात घरपट्टी, पाणीपट्टी. मे महिन्यात गाव माणसांनी भरतं, विहिरी तळाला जातात, कचरा ओढून न्यायला गाडी पुरत नाही, आणि पंचायतीचं उत्पन्न मात्र गावच्या घरांच्या हिशेबाने. म्हणजे तुमच्याकडे कर होता पण दुसरीकडे जायचा, आमच्याकडे गावाच्या नावाचा करच नाही. तुम्ही आमच्या जागी असता तर काय मागितलं असतं?

---

मुळाकाठ

दत्ताभाऊ, महत्त्वाचा प्रश्न. +१

त्यालाच जोडून: कोविडमध्ये त्या २ कोटी ७० लाखांचं काय झालं? हॉटेलंच बंद म्हणजे करच नाही.

---

मॅग्नोलिया

दोघांना एकत्र उत्तर देते, कारण मुळाकाठ यांच्या प्रश्नात दत्ताभाऊंचं अर्धं उत्तर आहे.

करार झाला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, मार्च २०२०मध्ये सगळं बंद पडलं. जॅझ फेस्ट हा संगीत महोत्सव २०२०ला नाही, २०२१ला नाही. २०२१च्या मार्डी ग्राला, म्हणजे इथल्या कार्निव्हलला, रथांच्या मिरवणुकाच नव्हत्या. लोकांनी आपापली घरंच रथासारखी सजवली, आणि त्यासाठी रथ रंगवणाऱ्या कारागिरांना काम दिलं. तो निर्णय ब्यूरोचा नव्हता, वस्त्यांतल्या लोकांचा होता. हॉटेलांचा कर आटला, तसा त्याच्यावर बेतलेला पंपांचा पैसाही आटला. पाऊस काही थांबला नव्हता. म्हणजे वाटा मिळवणं ही अर्धीच लढाई. पाण्यासारखी रोजची गरज पूर्णपणे पाहुण्यांच्या कराला बांधली, तर पाहुणे नसतील तेव्हा गावही कोरडं राहतं.

म्हणून दत्ताभाऊ, मी तुमच्या जागी असते तर हे मागितलं असतं. खोलीमागे छोटी ठरावीक रक्कम, ती थेट पंचायतीच्या वेगळ्या खात्यात. टक्केवारी नको, रुपयांत असू दे, म्हणजे लहान होमस्टेवाल्याला हिशेब ठेवायला जड जाणार नाही. त्यातला एक भाग दरवर्षी बाजूला, ज्या वर्षी वादळ येईल किंवा हंगाम बुडेल त्या वर्षासाठी. आणि तो पैसा जाहिरातीला वापरायचा नाही हे ठरावातच लिहून घ्यायचं. आमच्याकडे जाहिरातीने नेहमी आधी हात मारला. विहिरी, कचरा, मैलापाणी, एवढ्यालाच. कायद्यात कुठल्या कलमाखाली बसेल ते तुमच्याकडच्या जाणकारांनी सांगावं.

---

दत्ता_तारकर्ली

रुपयांत ठरावीक रक्कम हे पटलं. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ला, आमचा हंगाम कोविडमुळे आधीच गेला होता आणि वर वादळाने छपरं नेली. तेव्हा असं खातं असतं तर निदान गावच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती अडली नसती.

ग्रामसभेत विषय मांडतो. पंचायतराज कायद्यातले कुणी जाणकार इथे असतील तर यात्रेकरूंवरच्या कराची तरतूद होमस्टेला लावता येईल का, एवढं सांगा. ठरावाचा मसुदा मी याच धाग्यावर टाकतो.